कादंबरीकाराचे कादंबरीबाहेरचे लेखन

कथा-कादंबरी लिहिणाऱ्याने कथा-कादंबरीखेरीज आणखी काय लिहावे, हा प्रश्न मराठी समीक्षेने क्वचितच गांभीर्याने विचारला आहे. तो विचारला जातो संपादकाच्या टेबलावर. पुरवणीचे पान भरायचे असते, दिवाळी अंकाची जाहिरात झालेली असते, आणि नाव झालेला कथाकार ओळखीचा असतो. मग त्याच्याकडे 'काहीतरी ललित' मागितले जाते. मागणारा नेमके काय हवे ते सांगत नाही, देणाऱ्याला नेमके काय द्यावे ते उमगत नाही, आणि या दुहेरी संदिग्धतेतून जे गद्य निर्माण होते त्याचा विषय बहुधा एकच असतो: लेखक स्वतः. पहिली कथा साभार परत कशी आली, पात्रे रात्री झोपू कशी देत नाहीत, कोणत्या समारंभात कोण काय म्हणाले. भालचंद्र नेमाडे यांनी लेखकाचा 'लेखकराव' कसा होतो याची जी मीमांसा केली, तिच्यातला एक मोठा टप्पा या गद्याने व्यापला आहे असे म्हणता येईल. जयवंत दळवी यांनी 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' या नावाने याच वाङ्मयीन दरबाराची थट्टा केली आणि वाचकांनी ती चवीने वाचली. मात्र तेथेही विषय लेखकांचेच जग हा होता. 'चक्र'मधली झोपडपट्टी पाहणारी दळवींची दृष्टी त्या सदरात शोधू गेल्यास सापडत नाही, आणि ती तेथे असावी अशी कोणी अपेक्षाही केली नाही.

भुसावळसारख्या गावाहून पाहिले की हा प्रश्न अधिक टोकदार होतो. येथल्या कथाकारापुढे लेखकराव होण्याच्या जोडीला आणखी एक मोह उभा असतो, प्रदेशाचा वाटाड्या होण्याचा. खानदेशातल्या लेखकाने कथेबाहेर काही लिहायचे म्हटले की भरताची वांगी, केळीच्या बागा, वैशाखातले ऊन आणि बोलीतले चार गमतीदार शब्द एवढा ऐवज त्याच्याकडून अपेक्षिला जातो. तो पुरवला की पुण्या-मुंबईचा वाचक संतुष्ट होतो आणि भुसावळचा वाचक पान उलटतो, कारण भरीत त्याने सकाळीच खाल्लेले असते. आपल्या गावाचे आपल्याच गावाला न वाटणारे अप्रूप बाहेरच्यांसाठी तयार करणे, हा प्रादेशिक लेखकाच्या वाट्याला आलेला वेठबिगारीचा प्रकार आहे. तो खुशीने केला जातो, ही गोष्ट वेगळी.

भुसावळहून तापी ओलांडली की यावल तालुका लागतो. या एका तालुक्यात दोन लेखकांचे जन्म झाले: फैजपूरला १९०९ साली बा. सी. मर्ढेकर आणि सांगवीला १९३८ साली नेमाडे. दोघेही कवी, दोघेही कादंबरीकार. आणि साहित्य अकादमीने दोघांनाही पुरस्कार दिला तो कवितेसाठी नाही आणि कादंबरीसाठीही नाही. मर्ढेकरांना १९५६ साली 'सौंदर्य आणि साहित्य'साठी, तर नेमाड्यांना १९९१ साली 'टीकास्वयंवर'साठी. योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये हे खरे. तरीही कादंबरीकाराच्या कादंबरीबाहेरच्या लेखनाचे बरेवाईट परिणाम पाहण्यास याहून सोयीची जागा मराठीत सहसा मिळणार नाही.

मर्ढेकरांच्या बाबतीत झाले ते असे. 'रात्रीचा दिवस', 'तांबडी माती' आणि 'पाणी' या त्यांच्या तीन कादंबऱ्या १९४२ ते १९४८ या काळात आल्या. मराठी कादंबरीत संज्ञाप्रवाहाची चर्चा निघाली की 'रात्रीचा दिवस'चा उल्लेख होतो, आणि उल्लेखापाशीच तो थांबतो. त्यांचा लयसिद्धान्त मात्र मराठी विभागांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला, खोडला गेला, पुन्हा मांडला गेला. कविता स्वतःच्या बळावर तगली. कादंबऱ्यांना सौंदर्यशास्त्राच्या सावलीत जागा मिळाली नाही.

नेमाड्यांच्या बाबतीत उलट घडले, आणि ते अधिक गुंतागुंतीचे आहे. 'कोसला' १९६३ साली आली तेव्हा तिच्यामागे कोणताही सिद्धान्त उभा नव्हता. पंचविशीतल्या एका तरुणाने खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या पांडुरंग सांगवीकराचे आत्मकथन लिहिले, एवढीच तिची ओळख होती. देशीयतेची मांडणी नंतरची, आणि 'टीकास्वयंवर' हे पुस्तक १९९० चे. तरीही आज पदव्युत्तर वर्गात 'कोसला' उघडली जाते ती बहुधा 'टीकास्वयंवर'ची किल्ली लावून. सत्तावीस वर्षे नंतर आलेल्या पुस्तकाने आधीच्या कादंबरीचा अर्थ ठरवावा, यात दोष लेखकाचा किती आणि अभ्यासकांच्या आळसाचा किती, हे ठरवणे अवघड आहे. 'टीकास्वयंवर' वाचनीय आहे याबद्दल त्याच्या विरोधकांनाही शंका नाही. ते वाचनीय आहे कारण त्यातला टीकाकार तटस्थ असल्याचा आव आणत नाही. भांडणातला एक पक्ष म्हणून तो बोलतो, आणि ज्या कादंबरीसाठी भांडतो ती त्याला लिहायची आहे हे लपवत नाही. परंतु एखाद्या लेखकाने स्वतःच्या कादंबरीकडे जाणारी वाट स्वतःच इतकी रुंद करून ठेवली, की आडवाटेने तिच्याकडे येणारा वाचक दुर्मिळ होतो. मणीच्या मृत्यूनंतरचे पांडुरंगचे ते सैरभैर होणे कोणत्याही वादाच्या चौकटीत न बसवता वाचणे, हे आज विद्यार्थ्याला शिकवावे लागते. तेव्हा कथाकाराने कथेबाहेर लिहावे. पण स्वतःच्या कथेची टीप लिहू नये, एवढा निष्कर्ष या दोन उदाहरणांवरून काढण्यास हरकत नाही.

मग त्याने भोवतालच्या जगाविषयी मते मांडावीत काय? येथे दोस्तोयव्हस्कीचे उदाहरण बोलके आहे. १८७३ मध्ये 'नागरिक' या नियतकालिकात त्याने 'लेखकाची रोजनिशी' हे सदर सुरू केले आणि १८७६-७७ या दोन वर्षांत त्याच नावाचे स्वतःचे मासिक चालवले. कथा, खटल्यांचे वृत्तान्त, आठवणी, राजकारण असे सारे त्यात येई, आणि लिहिणारा एकटाच. १८७६ साली एका गरोदर स्त्रीने सहा वर्षांच्या सावत्र मुलीला चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली टाकले. मूल आश्चर्यकारकरीत्या वाचले, स्त्रीला शिक्षा झाली. दोस्तोयव्हस्कीने तिच्या गर्भावस्थेतल्या मनःस्थितीबद्दल लिहिले, तिला तुरुंगात जाऊन भेटला, पुन्हा लिहिले. फेरसुनावणी झाली आणि १८७७ मध्ये ती सुटली. कादंबरीकाराची दृष्टी एका जिवंत व्यक्तीवर स्थिरावली म्हणजे काय घडू शकते याचा हा दाखला. त्याच मासिकाच्या पानांवर तुर्कस्तानशी युद्धाचा उत्साह आहे, कॉन्स्टँटिनोपलवर रशियाचा हक्क सांगणारी गर्जना आहे, आणि ज्यूंविषयीचे असे लेखन आहे की त्याच्या चाहत्यांना ते आजही अडचणीत टाकते. लेखणी एकच, मासिकही एकच. एका ठिकाणी तो एका बाईकडे पाहत होता, दुसऱ्या ठिकाणी राष्ट्र नावाच्या कल्पनेकडे. मत म्हणून कादंबरीकाराच्या मताला कोणत्याही सुशिक्षित गृहस्थाच्या मताहून अधिक मोल नसते, बरेचदा कमीच असते. त्याच्याजवळ असते ते पाहण्याचे सामर्थ्य, आणि पाहण्यासाठी समोर कोणीतरी असावे लागते.

वाचण्यासाठीही समोर कोणीतरी असावे लागते. या मुद्द्याकडे जाताना अमळनेरला थांबणे भाग आहे. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी तेथे शिक्षक होते आणि छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. तेथल्या मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. ज्याचे सारे वाचक एका छपराखाली झोपतात, ज्यातल्या प्रत्येकाचे नाव, घरची स्थिती आणि कालचे भांडण संपादकाला ठाऊक आहे, असे ते नियतकालिक. अशा वाचकापुढे लेखकराव होता येत नाही. सकाळी लिहिलेल्या ओळीची परीक्षा संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत होते. गुरुजींच्या गद्याबद्दल, विशेषतः त्याच्या ओलसरपणाबद्दल, समीक्षेने पुष्कळ कठोर लिहिले आहे आणि त्यातले बरेचसे अयोग्य नाही. या मुलांच्या अनुभवातून उभी राहिलेली 'धडपडणारी मुले' ही कादंबरी आज उपदेशाच्या ओझ्याखाली वाकलेली दिसते. परंतु त्यांच्या गद्यात ओळखीच्या माणसाशी बोलण्याचा जो सूर आहे, त्याचे मूळ या दैनिकाच्या सवयीत असावे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती अठरा प्रवचने गुरुजींनी उतरवून घेतली. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, आणि तिची प्रकरणे म्हणजे मित्रांपुढे सांगितलेल्या बेचाळीस रात्री आहेत. आधी नावानिशी माहीत असलेल्या मुलांसाठी लिहिणे, मग दुसऱ्याचे बोलणे शब्दशः ऐकून टिपणे, आणि त्यानंतर हे निवेदन. कादंबरीबाहेरच्या लेखनाने येथे कथनाला कोणतीही किल्ली पुरवली नाही. कथनाचा श्रोता मात्र घडवला. 'साधना' साप्ताहिकातून पुतणीला लिहिलेली 'सुंदर पत्रे'सुद्धा याच रीतीची.

पत्रांचा विषय निघालाच आहे तर धारवाडच्या जी. ए. कुलकर्णींचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सभा, मुलाखत, सदर या सर्वांपासून ते दूर राहिले. आणि १९८७ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्रांचे खंड निघाले तेव्हा वाचकांनी ते कथासंग्रहांइतक्याच ओढीने वाचले. वाचलेली पुस्तके, पाहिलेले चित्रपट, भेटलेली विक्षिप्त माणसे असा त्यांतला मजकूर आहे. मासिकात छापायचे म्हणून हेच त्यांना लिहायला सांगितले असते तर ते असे लिहून झाले असते काय, याची शंका येते.

भुसावळच्या कथाकाराकडे या साऱ्यानंतर परत यावयाचे तर त्याच्यापाशी काय आहे ते आधी पाहावे लागेल. भुसावळ हे जंक्शन आहे. मुंबईहून आलेली लोहमार्गाची वाट येथे फुटते, एक नागपूरकडे जाते आणि दुसरी इटारसीकडे. रेल्वेने येथे तमिळ, हिंदी, बंगाली बोलणारी, अँग्लो-इंडियन अशी कुटुंबे आणून वसवली, आणि त्यांच्या शेजारी तावडी आणि लेवा बोलणारी गावे जशीच्या तशी राहिली. भुसावळवर कथा लिहिणाऱ्याला यातले पुष्कळ ठाऊक असते आणि त्यातले फार थोडे कथेत मावते. कथेत एखाद्या इंजिन ड्रायव्हरला रात्री दोन वाजता निघावे लागते, वाक्य तेवढेच. वाफेच्या इंजिनांच्या काळात त्याला उठवायला कॉलबॉय येत असे, हातात कंदील आणि वही असे, जागा झाल्याबद्दल वहीत सही घेत असे, आणि गल्लीतल्या कुठल्या घराची कडी कशी वाजवायची म्हणजे बाकीचे घर जागे होणार नाही हे त्याला पाठ असे. परतीच्या मुक्कामाला रनिंग रूम असे, बरोबर शिधा आणि भांडी घेतलेली लाइनबॉक्स नावाची पेटी असे. ड्रायव्हरची बायको नवऱ्याच्या घरी असण्यानसण्याचा हिशेब वारांवर करीत नसे, ड्यूटीच्या 'लिंक'वर करीत असे. सावदा-रावेरकडे केळीने भरल्या जाणाऱ्या वाघिणींचे म्हणाल तर तेथेही असेच: बागेचे वर्णन सर्वांनी केले, वाघीण वेळेवर न लागल्यास कापलेल्या मालाचे आणि तो कापणाऱ्यांच्या मजुरीचे काय होते, हे कोणी लिहीत नाही.

कथेने हे टाकले ते योग्यच केले. कथेचा तोल त्यावाचून राहत नाही. नेमाड्यांच्या 'हिंदू'ला (२०१०) सहाशेहून अधिक पृष्ठांत आपली 'समृद्ध अडगळ' आतच ठेवून घेता आली, कारण ती कादंबरीच अडगळीची आहे. प्रत्येक कथाकाराला तेवढी मुभा घेता येत नाही आणि घेऊही नये. टाकलेले मात्र त्याच्याजवळच पडून राहते. ते गोळा करायला येणाऱ्या संशोधकाला कॉलबॉयची वही कदाचित सापडेल, कडी वाजवण्याची रीत सापडणार नाही. आणि ती लिहिताना कथाकाराच्या डोळ्यांपुढे पुण्याचा वाचक असला तर तो लाइनबॉक्सचे वर्णन करील. रेल्वेच्या क्वार्टरांत निवृत्तीनंतर राहू न शकलेला, आता गावात भाड्याच्या खोलीत असलेला एखादा म्हातारा ड्रायव्हर असला, तर लाइनबॉक्स त्याला समजावून सांगावी लागणार नाही, पण तिच्यात कांदा कोणत्या बाजूला ठेवत हे चुकवून चालणार नाही. तो लगेच निरोप धाडील.