करोलबागची बुलेट गल्ली: रायडरने रायडरसाठी बनवलेले पार्ट

दिल्लीला गेलात की कुणीतरी तुम्हाला करोलबागला नेतंच. लग्नाची खरेदी, सोन्याची दुकानं, छोले-भटुरे, कुल्फी असा ठरलेला बेत असतो. शेजारच्या बीडनपुऱ्याच्या सराफ बाजारात कान दिलात तर मराठी शब्दही कानावर पडू शकतात, कारण सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई कारागीर सोनं-चांदी गाळण्याच्या कामानिमित्त देशभरातल्या सराफ बाजारांत पोहोचले आहेत.

पण तुमच्या घरात मोटरसायकलचं वेड असलेलं कुणी असेल, मग तो मुलगा असो, सून असो की तुम्ही स्वतः, तर खरेदीच्या पिशव्या कुणाकडे तरी सोपवा आणि नाईवाला भागाकडे वळा. इथे दुकानांच्या दाराला साड्यांऐवजी लेगगार्ड टांगलेले दिसतील. हँडल, आरसे, सीट, सायलेन्सर, सामानाच्या बॅगांचे स्टे यांच्या भिंतीच उभ्या असतात. हा बुलेटवाल्यांचा बाजार आहे.

हा बाजार कशामुळे जमला?

1955 साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि इंग्लंडमधली बुलेट भारतात बनू लागली. पुढे इंग्लंडमधल्या मूळ कंपनीचं काम थांबलं, पण इथलं चालूच राहिलं. महत्त्वाची गोष्ट अशी, की कित्येक दशकं बुलेटची मूळ रचना फारशी बदलली नाही. वडिलांच्या गाडीला बसणारी वस्तू मुलाच्या गाडीलाही बसायची. छोट्या कारागिराला याहून चांगलं काय हवं? एकदा बनवलेला साचा वर्षानुवर्षं उपयोगी पडायचा.

दुसरं कारण भूगोलाचं. हिमालयात मोटरसायकलवर जाणाऱ्यांची तयारी दिल्लीत होते. देशी-परदेशी प्रवासी इथे जुनी बुलेट विकत किंवा भाड्याने घेतात, तिची डागडुजी करवतात, सामान बांधायची सोय करून घेतात आणि उत्तरेची वाट धरतात. परतल्यावर काय तुटलं, काय टिकलं, हे तेच येऊन सांगतात.

रस्ता पार्ट घडवतो

मनाली ते लेह या वाटेवर लाहौलमध्ये टांडी नावाचं गाव लागतं. तिथल्या पेट्रोल पंपावरची पाटी रायडर मंडळींत प्रसिद्ध होती: पुढचा पंप 365 किलोमीटरवर. आता हिशेब करा. बुलेट क्लासिक 350 ची टाकी साधारण 13 लिटरची. सपाट रस्त्यावर लिटरला 30 किलोमीटर मिळाले तर 390 होतात. पण पाठीवर दोन माणसांचं सामान, चढ, विरळ हवा आणि खालच्या गिअरमध्ये रेटलेले तास धरले तर गाडी तेवढं देत नाही. म्हणून लोक पेट्रोलचा कॅन बरोबर नेऊ लागले. कॅन दोरीने बांधला तर खड्ड्याखड्ड्याला घसरतो. त्यातून कॅन घट्ट धरून ठेवणारा लोखंडी होल्डर आला.

सामानाच्या बॅगांचंही तसंच. मागच्या सीटवर आडवी टाकलेली कापडी बॅग सायलेन्सरला टेकली तर जळते आणि चाकात गेली तर गाडी आडवी करते. बॅगेला दोन्हींपासून लांब ठेवणारी पाइपची चौकट म्हणजे सॅडल स्टे. इंजिनाखालच्या पत्र्याची गरज दगडांनी शिकवली, हँडलवरच्या हातांच्या ढालीची गरज बर्फाळ वाऱ्याने.

2016 मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन बाजारात आली तेव्हा टाकीच्या दोन्ही बाजूंना सामान आणि कॅन अडकवायची चौकट कारखान्यातूनच बसवलेली होती. रायडर जी सोय गल्लीतून करून घेत होते, ती कंपनीनेही देऊ केली.

पुठ्ठ्यापासून लोखंडापर्यंत

एखादा पार्ट कसा तयार होतो, हे पाहायला मिळालं तर सोडू नका. हे काम करणारे आता दिल्लीतच नाहीत. पुण्याच्या नाना पेठेत पार्टचा बाजार आहे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम आणि फॅब्रिकेशन करणारे हात आहेत आणि नोकरी सांभाळून घरच्या गॅरेजमध्ये पार्ट बनवणारे हौशी रायडर तर ठिकठिकाणी आहेत.

सुरुवात बहुधा पुठ्ठ्याने होते. गाडीवर पुठ्ठा धरून आकार कापायचा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं, सीटवर माणूस बसवून मागचा शॉकअप दबल्यावर काही घासतंय का ते तपासायचं. मग तोच आकार पत्र्यात येतो. पाइप नुसता वाकवला तर आतल्या बाजूला चेपतो, म्हणून जुने कारागीर त्यात कोरडी वाळू ठासून भरतात आणि तापवून वाकवतात. नंतर वेल्डिंग, घासकाम आणि गंज लागू नये म्हणून भट्टीत भाजलेलं पावडर कोटिंग.

खरी परीक्षा त्यानंतर. एका सिलिंडरच्या इंजिनाचा थरथराट दिवसभर प्रत्येक जोडाला हलवत असतो. वेल्डिंगच्या कडेला, तीक्ष्ण कोपऱ्यात आणि भोकाजवळ ताण साठतो. तिथेच केसासारखी तडा जाते आणि एक दिवस तुकडा सुटतो. म्हणून जाणकार माणूस कोपऱ्यावर त्रिकोणी पट्टी जोडतो, बोल्टला लॉक नट लावतो, जोडात रबराचा बुश घालतो. दुकानातल्या उजेडात यातलं फारसं काही चमकत नाही. चमकतं ते क्रोम.

गिऱ्हाईक तोच सोबती

इथे या धंद्याचं वेगळेपण आहे. कढई किंवा खुर्ची विकणारा गिऱ्हाइकाला पुन्हा भेटेलच असं नाही. पण रायडरने रायडरला विकलेला पार्ट पुढच्या रविवारी त्याच्याच पुढे ताशी ऐंशीच्या वेगाने पळत असतो. स्टे तुटून बॅग चाकात गेली तर मागून येणारा तोच असतो. त्यामुळे वस्तू कशी दिसते याच्या आधी ती कुठे तुटेल, याचा विचार त्याला करावाच लागतो.

आणि म्हणूनच हा धंदा दिसतो तेवढा सोपा नाही. समजा एका स्टेला लोखंड, मजुरी आणि कोटिंग मिळून 900 रुपये लागले. दहा नग बनवले, 9000 रुपये गेले. एक स्वतःच्या गाडीवर तुटेपर्यंत चालवून पाहिला, एक वाकडा निघाला. विकायला उरले आठ, म्हणजे नग पडला 1125 रुपयांना. खोका आणि कुरिअरचे 200 धरा, झाले 1325. ग्रुपमधले मित्र म्हणतात, ‘अरे, आपल्याच माणसाला 1200 ला दे.’ प्रत्येक नगामागे 125 रुपये घरचे घालून मैत्री टिकते, धंदा नाही. स्वतःच्या श्रमाची किंमत तर अजून धरलेलीच नाही. शिवाय दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर छोट्या उलाढालीलाही साधारणपणे जीएसटी नोंदणी लागते.

घरातला तरुण असं काही सुरू करतो म्हणाला तर ‘हे कसलं खूळ’ म्हणून उडवून लावू नका, पण ही बेरीज त्याच्यासोबत बसून नक्की करा. मित्रांना सवलत द्यायची असेल तर ती मजुरीतून द्यावी. पाइपच्या जाडीतून कधीच नाही.

मागे बसणाऱ्यांचाही विचार

मोटरसायकलचे पार्ट म्हटलं की चालवणाऱ्याचाच विचार होतो. पण आपल्याकडे गाडीवर आई, बायको, मुलगी मागे असते, कधी साडीत, कधी ओढणी सांभाळत. केंद्रीय मोटर वाहन नियमांतल्या 123 व्या नियमानुसार मागच्या माणसाला धरायला आधार, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं संरक्षण असायला हवं. त्यालाच आपण साडी गार्ड म्हणतो.

सॅडल स्टे बसवताना अनेकदा पहिल्यांदा हेच साडी गार्ड काढून टाकलं जातं. दुकानदाराला स्पष्ट सांगा, की चाक झाकलं जाईल असाच स्टे हवा. बसवून झाल्यावर मागे बसणारीला बसवून बघा. पाय कुठे टेकतो, टाच स्टेला लागते का, हात कुठे धरायचा, हे तिनेच सांगायचं.

स्वतः गाडी चालवणाऱ्या मैत्रिणींसाठीही इथे बरंच काही मिळतं. सीटचा फोम कमी करून पाय जमिनीला टेकवता येतात. हाताच्या मापाप्रमाणे जवळ-लांब करता येणारे क्लच-ब्रेकचे लिव्हर मिळतात. पाठीला आराम म्हणून हँडल इंचभर वर घ्यायचं असेल तर एक लक्षात ठेवा. क्लचची केबल आणि ब्रेकचा पाइप मूळ उंचीच्या मापाचे असतात. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. काहीही ताणलं जात असेल तर तो बदल नको.

कायद्याची बाजू

मोटर वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. फटफट वाजणारे सायलेन्सर अनेक शहरांत पोलिसांनी जप्त करून रोडरोलरखाली चिरडले आहेत. शेजारच्या घरातलं तान्हं बाळ त्या आवाजाने दचकून उठतं, हे कारण दंडापेक्षा मोठं मानायला हवं. फ्रेम कापणारं, चाकांचं माप बदलणारं, दिवे किंवा नंबरप्लेट झाकणारं काहीही घेऊ नका. मूळ बोल्टवर बसणारी आणि पुन्हा काढता येणारी वस्तू निवडा आणि विमा कंपनीलाही विचारून घ्या.

बाजारात जाताना

मेट्रोच्या ब्लू लाइनने करोलबाग स्टेशनवर उतरा. सोमवारी बाजार बंद असतो. उन्हाळ्यात सकाळीच जा. गाडीचं मॉडेल आणि वर्ष लिहून न्या, कारण नावाला एकच असलेल्या गाडीचे बोल्टही मॉडेलगणिक बदलतात. छोटा चुंबक खिशात ठेवा. ‘पितळ’ म्हणून दिलेल्या वस्तूला तो चिकटला तर आत लोखंड आहे. वेल्डिंगवरून बोट फिरवा, रेघ सलग लागायला हवी. भाव करा, पण दोन-तीन दुकानांत वजन हातात तोलून मग करा.

आणि पैसे देण्याआधी एवढं विचारा: ‘हा पार्ट तुमच्या स्वतःच्या गाडीवर आहे का?’ खरा रायडर असेल तर तो तुम्हाला दुकानाबाहेर नेईल, धुळीने माखलेली आपली गाडी दाखवेल आणि हाच पार्ट पहिल्यांदा कुठे तुटला होता, मग त्याने तिथे पट्टी कशी जोडली, हे बोट ठेवून सांगेल. त्याच्याकडून घ्या.