सेंट अँड्रूजचें गायरान

गॉल्फ हा धनिकांचा खेळ आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. आणि ती अगदींच निराधार आहे, असें आम्हांस म्हणवत नाहीं. आपल्या देशांत या खेळाचीं मैदानें बहुधा लष्करी छावणीच्या अथवा एखाद्या क्लबाच्या कुंपणाआड असतात, आणि कुंपणाबाहेरच्या मुलाचा त्यांच्याशीं संबंध आलाच, तर तो दुसऱ्याच्या काठ्यांची पिशवी वाहण्यापुरता येतो. परंतु ज्या गांवास या खेळाचें माहेरघर म्हणतात, तेथें प्रकार निराळाच आहे. तें गांव म्हणजे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्रूज. गेल्या मे महिन्याच्या सुटींत तें पाहण्याचा योग आम्हांस आला.

आमचा भाचा डंडी येथें शिकत आहे. त्याच्या आग्रहावरून, आणि प्रवासखर्चाचा मोठा भाग आमच्या भगिनीनें उचलल्यामुळें, फाइफ प्रांताच्या किनाऱ्यानें चार दिवस हिंडून जमेल तेथें गॉल्फ खेळण्याचा बेत ठरला. सेंट अँड्रूजचें आगगाडीचें स्टेशन १९६९ सालीं बंद झालें. तेव्हां डंडीहून बसनें टे नदीवरील लांबलचक पूल ओलांडून आम्ही तेथें पोहोंचलों. मे महिना असूनही वारा असा बोचरा, कीं महाबळेश्वरचा डिसेंबर बरा वाटावा!

तेथील मैदान कोणीं मुद्दाम आखून तयार केलेलें नव्हे. कोंकणांतील मुलांनीं आपल्या गांवची पुळण डोळ्यांपुढें आणावी. समुद्रानें व वाऱ्यानें रचलेले वाळूचे उंचवटे, त्यांवर आंखूड चिवट गवत, आणि मधून मधून पिवळ्या फुलांचीं कांटेरी झुडपें. अशा जमिनीस तिकडे लिंक्स म्हणतात. तींत शेती पिकत नाहीं, पण पावसाचें पाणी तत्काळ मुरतें. म्हणून शतकानुशतकें ती गांवच्या मेंढ्यांस, धुणें वाळत घालण्यास आणि खेळास मोकळी राहिली. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर तें त्या गांवचें गायरानच होय.

आणि गायरानाच्या नशिबीं जें येतें, तें त्याच्याही नशिबीं आलें. १४५७ सालीं स्कॉटलंडच्या पार्लमेंटनें गॉल्फ व फुटबॉल या दोन्ही खेळांवर बंदी घातली होती, कारण त्यांपायीं लोक धनुर्विद्येचा सराव टाळीत. ती बंदी लोकांनीं जुमानली नाहीं. पुढें १५५२ च्या सनदेनें या जमिनीवर खेळण्याचा गांवकऱ्यांचा हक्क आर्चबिशप हॅमिल्टन यांनीं मान्य केला. परंतु १७९७ च्या सुमारास नगरपालिका कर्जबाजारी झाली आणि ती जमीन ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हातीं गेली. सशांनीं सारें मैदान पोखरून टाकलें. गांवकरी चिडले, कोर्टकज्जे झाले, मारामाऱ्याही झाल्या. सुमारें वीस वर्षांनंतर, १८२१ सालीं, जेम्स चीप नांवाच्या शेजारच्या जमीनदारानें ती जमीन विकत घेऊन खेळासाठीं राखली. १८९४ सालीं ती पुनः गांवाची झाली, आणि १९७४ पासून कायद्यान्वयें स्थापिलेला एक न्यास तिची व्यवस्था पाहतो. आपल्या गांवचें गायरान कोणाच्या घशांत गेलें, याची वास्तपुस्त आपल्यापैकीं किती जण करतात, हें वाचकांनींच मनाशीं ताडून पाहावें.

आज तेथें एकंदर सात मैदानें आहेत. त्यांपैकीं जगप्रसिद्ध जें जुनें मैदान, त्याचा भर हंगामांतील दर २०२४ सालीं माणशीं ३२० पौंड होता. शिक्षकाच्या खिशास तो परवडण्याजोगा नव्हता. पण त्याच गायरानाच्या एका टोंकास बॅल्गोव्ह नांवाचें नऊ गलींचें लहान मैदान आहे. (गोट्या खेळतांना आपण खणतों ती गल, येथें शब्द तोच चालेल.) मुलांनीं व नवशिक्यांनीं खेळावें म्हणूनच तें राखलेलें आहे. त्याचा दर अगदीं माफक. खेळांतील प्रावीण्याचा दाखला कोणी मागत नाहीं. काठ्या भाड्यानें घेऊन आम्ही दोघे तेथें उतरलों.

पहिला चेंडू चार हातांवर जाऊन बसला. दुसरा वाळूच्या खड्ड्यांत. तिसऱ्या गलीपाशीं मागून एक दहा वर्षांची मुलगी आपल्या आजोबांसह आली. जलद खेळणाऱ्यास वाट द्यावी हा तेथील शिष्टाचार. आम्ही बाजूस झालों. तिनें आभार मानले, आणि एकच फटका असा मारिला कीं चेंडू गलीपासून हातभर अंतरावर थांबला. “मामा, तिची उभं राहण्याची पद्धत पाहिलीत?” भाचा म्हणाला. आम्हीं पाहिली होती. पुढील तीन गली आम्ही त्याच पद्धतीनें उभे राहण्याचा यत्न करीत होतों.

शेजारींच हिमालय नांवाचें उंचसखल हिरवळीचें छोटें मैदान आहे. तें १८६७ सालीं स्थापन झालेल्या स्त्रियांच्या मंडळाचें. काठी खांद्याच्या वर उचलणें स्त्रियांस शोभत नाहीं असें त्या काळीं मानीत. म्हणून त्यांनीं चेंडू नुसता घरंगळत नेण्याचा खेळ तेथें मांडला. आज थोडे पैसे भरून कोणीही तेथें खेळावें. दुसऱ्या दिवशीं रविवार होता. रविवारीं जुन्या मैदानावर सहसा खेळ नसतो; तें सर्वांस फिरावयास मोकळें असतें. बाबागाड्या, कुत्रीं, वृद्ध जोडपीं यांच्या समवेत ३२० पौंडांच्या त्या मैदानावर आम्ही एक पैसाही न देतां फिरलों. गांवच्या पडक्या कॅथीड्रलच्या आवारांत टॉम मॉरिस यांची समाधि पाहिली. विणकराचा हा मुलगा ओपन स्पर्धा चार वेळां जिंकला, आणि पुष्कळ वर्षें याच मैदानाची निगा राखीत होता.

त्या समाधीपाशीं आम्हांस आमच्या वडिलांची आठवण झाली. लहानपणीं एका छावणीच्या गांवीं, शाळा सुटल्यावर, ते गॉल्फ खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहत असत. गोरे साहेब गेले होते. काळे साहेब आले होते. मिळालेल्या पैशांतून वह्या येत. पोरांनीं चेंडूस काठी लावावयाची नाहीं, असा तेथें सक्त नियम होता. एकदां झुडपांत सांपडलेला चेंडू त्यांनीं बाभळीच्या फांटीनें टोलविला, तेव्हां कान धरून त्यांस फाटकाबाहेर काढण्यांत आलें. आठवडाभर काम मिळालें नाहीं. ही हकीकत त्यांनीं आम्हांस हंसत हंसत सांगितली होती, परंतु सांगितली ती एकदांच.

त्या संध्याकाळीं आम्हीं त्यांस फोन केला. किती फटके लागले, हें त्यांनीं विचारलें नाहीं. “पिशवी कोणी उचलली रे?” एवढेंच विचारलें.

“आमची आम्हींच, बाबा.”

“भरलेली असली म्हणजे पट्टा उजव्या खांद्यावर घ्यावा,” ते म्हणाले, आणि मग पिशवी कशी टेकवावी, ओल्या गवतावर काठ्या कशा पुसाव्या, वारा समोरून असतां कोणती काठी पुढें करावी, हें सारें सविस्तर सांगत बसले. भाचा तें टिपून घेत होता.

येतांना आम्हीं त्यांच्यासाठीं दोन चेंडू आणले. परसांत सध्यां तीन गली खणलेल्या असून जुन्या छत्रीच्या दांड्यानें रोज सायंकाळीं आजोबा-नातवंडांचा खेळ चालतो. शेजाऱ्यांचीं मुलेंही येतात. एक चेंडू विहिरींत गेला आहे.