दयेची जागा

हत्येच्या खटल्यात करुणेचे पारडे उत्तरदायित्वापेक्षा जड व्हावे काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथात मांडला की फारसा त्रास देत नाही. ग्रंथातला आरोपी निनावी असतो, मृतालाही चेहरा नसतो आणि करुणा ही हवापाण्यासारखी सर्वांना सारखीच लाभणारी वस्तू समजली जाते. न्यायालयात ती तशी नसते. ती कोणाकडे पाहून उपजली, कोणाच्या वेशाने, कोणाच्या भाषेने, कोणाच्या वृत्तपत्राने जागी झाली, हे तेथे विचारावे लागते. स्वतंत्र भारतात हा प्रश्न ज्या खटल्याने अत्यंत उघडपणे पुढे आणला, तो मुंबईचा नानावटी खटला. त्याविषयी इतके बोलले गेले आहे की त्याची आता दंतकथा झाली आहे. आणि दंतकथेत नेहमी होते तसे, मूळ कागदपत्रांतला सर्वांत अवघड भाग तीतून गळून पडला आहे.

घटना सर्वपरिचित आहे. कमांडर कावस माणेकशा नानावटी हे ‘म्हैसूर’ या युद्धनौकेवरील अधिकारी. कामानिमित्त त्यांना दीर्घकाळ समुद्रावर राहावे लागे. 27 एप्रिल 1959 रोजी त्यांच्या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या पत्नीने आपले प्रेम आहुजा यांच्याशी संबंध असल्याचे त्यांना सांगितले. आहुजा हे मोटारींचे व्यापारी आणि या कुटुंबाच्या परिचयाचे. दुपारी दीडच्या सुमारास नानावटी घराबाहेर पडले. पत्नीला आणि मुलांना त्यांनी मेट्रो चित्रपटगृहात सोडले, मग नौकेवर जाऊन एक रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली. रात्री एकट्याने मोटार हाकत अहमदनगरला जायचे आहे, असे कारण त्यांनी तेथे दिले. तेथून ते आहुजांच्या कार्यालयात गेले आणि ते तेथे नाहीत असे कळताच त्यांच्या घरी गेले. चारवाजून वीस मिनिटांच्या सुमारास आहुजांच्या शयनगृहात गोळ्या सुटल्या. आहुजा नुकतेच स्नान करून आले होते. त्यांच्या अंगावर फक्त एक टॉवेल होता. नानावटी तेथून निघाले आणि स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले.

खटला सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीपुढे चालला. बचाव असा होता, की आरोपी आहुजांना एवढेच विचारायला गेला होता की तुम्ही या स्त्रीशी विवाह करून मुलांचा सांभाळ करणार काय. त्यावर उद्दाम उत्तर मिळाले, रिव्हॉल्व्हरसाठी झटापट झाली आणि त्या झटापटीत अपघाताने गोळ्या सुटल्या. त्या खोलीतून जिवंत बाहेर पडलेला माणूस एकच होता, त्यामुळे त्या संभाषणाचा साक्षीदारही एकच. झटापट झाली असती, तर मृताच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा राहिला, हा सरकार पक्षाचा प्रश्न होता, आणि पुढे वरिष्ठ न्यायालयांनाही तो महत्त्वाचा वाटला. ज्यूरीने मात्र एकाविरुद्ध आठ मतांनी आरोपी निर्दोष असल्याचे सांगितले. कोणताही समंजस जनसमूह या पुराव्यावरून असा निष्कर्ष काढू शकणार नाही, असे मत नोंदवून सत्र न्यायाधीशांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने मार्च 1960 मध्ये जन्मठेप सुनावली आणि 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

ज्यूरीचा तो निर्णय लाच, धाक किंवा अज्ञान यांतून आला असे म्हणण्यास आधार नाही. तो दयेतून आला असे मानणेच अधिक सयुक्तिक आहे. देशाच्या सीमा राखणारा, बिल्ले लावलेल्या शुभ्र गणवेशातला, गुन्हा करून पळून न जाता पोलिसांपुढे उभा राहिलेला पुरुष त्या आठ जणांच्या डोळ्यांपुढे होता. रूसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ने त्याला नायक ठरवले होते. पारशी समाजातील अनेकजण त्याच्या पाठीशी होते, तर फाळणीनंतर मुंबईत नव्याने बस्तान बसवणाऱ्या सिंधी समाजाची सहानुभूती आहुजांच्या बहिणीकडे होती. आहुजांसाठी न्यायालयात येऊ शकणारी तीच एक व्यक्ती होती. स्वतः आहुजा आपली बाजू मांडायला येणार नव्हते. हत्येच्या प्रत्येक खटल्यात हे होतेच. इतर सर्व गुन्ह्यांत ज्याच्यावर अन्याय झाला तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो. येथे तो छायाचित्रात आणि शवविच्छेदनाच्या अहवालातच भेटतो. करुणेला चेहरा लागतो, आणि चेहरा आरोपीजवळच उरलेला असतो.

सर्वोच्च न्यायालयापुढे अपघाताबरोबरच दुसराही युक्तिवाद होता. ही हत्या मानलीच, तरी ती गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभातून घडली, म्हणून तिला खून न म्हणता सदोष मनुष्यवध म्हणावे. भारतीय दंड संहितेने ही सवलत मानवी स्वभाव ओळखूनच दिली होती. (2024 साली त्या संहितेची जागा घेणाऱ्या न्याय संहितेतही ती आहे.) रागाने माणसाचा ताबा सुटतो, आणि ताबा सुटलेल्या माणसाला थंड डोक्याच्या मारेकऱ्याच्या मापाने मोजू नये, ही करुणाच होय, फक्त ती कायद्याच्या पोटात आधीपासून वसलेली आहे. न्यायालयाने विचारले ते एवढेच, की दीडपासून चारवीसपर्यंत हा माणूस काय करत होता.

उत्तर मनाला चटका लावणारे आहे. तो मुलांना सिनेमाला सोडत होता. पत्नी आणि मुले यांचे पुढे काय होईल याचा विचार करत होता. नौकेवर जाऊन, नियमाप्रमाणे कारण देऊन शस्त्र मागून घेत होता. न्यायालयाने यावरून असा निष्कर्ष काढला, की त्याला आपला तोल सावरता आला होता, पुढचा विचार करता येत होता, आणि सुमारे तीन तासांचा अवधी मन शांत होण्यास पुरेसा होता. ज्या वागण्यामुळे लोकांना तो सहृदय पिता वाटला, त्याच वागण्यामुळे तो कायद्याच्या दृष्टीने खुनी ठरला. घरातून तो थेट धावत सुटला असता, मुलांची आठवणही त्याला राहिली नसती, तर कदाचित त्याची शिक्षा सौम्य झाली असती. दयेचा आधार आणि दोषाचा आधार एकच निघावा, असा विचित्र योग येथे दिसतो. ज्यांनी हा खटला केवळ भावना विरुद्ध कायदा असा रंगवला, त्यांनी हा योग पाहिला नाही.

सर्वसामान्य आठवणीतून हरवलेली आणखी एक गोष्ट आहे. खुनाच्या आरोपाला पर्याय म्हणून सदोष मनुष्यवधाचा आरोपही ज्यूरीपुढे होता. खुनाला देहान्त किंवा जन्मठेप, मधली पायरी नाही. पण दुसऱ्या आरोपाखाली काही वर्षांची कैद देण्याची मोकळीक न्यायाधीशाला होती. म्हणजे ‘याने केले, पण याला समजून घ्या’ असे म्हणण्याची वाट त्या आठ जणांना उघडी होती. त्यांनी ती घेतली नाही. त्यांनी दोन्ही आरोप फेटाळले, म्हणजे ‘याने केलेच नाही’ असे म्हटले. त्या निर्णयात खटकते ते दयेचे असणे नव्हे, तर दयेने घटनेविषयी खोटे बोलणे. शिक्षा किती हा प्रश्न असताना करुणा बोलली, तर ती आपल्या जागी असते. घडले काय हा प्रश्न असताना ती बोलली, की मेलेल्या माणसाचे मरणच पुसले जाते.

महाभारताच्या परंपरेत या भेदाची जाण फार खोलवर आहे. भागवताच्या प्रथम स्कंधात, झोपेत मारल्या गेलेल्या आपल्या मुलांच्या मारेकऱ्याला, अश्वत्थाम्याला, अर्जुन बांधून द्रौपदीपुढे आणतो. भीम त्याचा वध मागतो. द्रौपदी मात्र म्हणते की याला सोडा. मी जशी रडते आहे, तशी याची माता रडू नये. हे कारुण्य अपूर्व आहे, कारण ते बोलण्याचा अधिकार जिचा होता, तिच्याच तोंडून ते आले. पण तेथेही कोणी असे म्हणत नाही, की अश्वत्थाम्याने काही केले नाही. त्याचा प्राण वाचतो, मस्तकावरचा मणी जातो. मराठी मुलखात आजही सांगतात, की कपाळीच्या भळभळत्या जखमेवर घालण्यासाठी तेल मागत तो हिंडतो. लोककथेने त्याला मारले नाही आणि मोकळेही केले नाही. मुंबईच्या ज्यूरीतील आठ जणांचे त्या दुपारी काही हरपले नव्हते. दुसऱ्याच्या दुःखाची क्षमा परस्पर वाटून टाकण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला होता, हा प्रश्न द्रौपदीची कथा ठाऊक असलेल्या समाजाला तेव्हा पडायला हवा होता.

दया आपल्या जागी कशी बोलते, याचे उदाहरण त्यानंतर पंधरा वर्षांनी मिळाले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आंध्र प्रदेशातील एका चोवीस वर्षांच्या ग्रामीण स्त्रीचे अपील आले. तिने एका स्त्रीची आणि तिच्या लहान मुलाची हत्या केली होती. खालच्या न्यायालयांनी तिला देहान्ताची शिक्षा दिली होती. तिच्या बाजूने गणवेश नव्हता, वृत्तपत्र नव्हते, कोणत्याही समाजाची सभा नव्हती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिचा दोष जराही पातळ केला नाही. दोष कायम ठेवून त्यांनी मग तिच्याकडे पाहिले: तिचे वय, सासरहून झालेली हकालपट्टी, पदरचे मूल, आणि फाशीच्या छायेत काढलेला दीर्घ काळ. शिक्षा जन्मठेपेवर आली. त्याच सुमारास 1973 ची फौजदारी प्रक्रिया संहिता अमलात आली. दोषसिद्धीनंतर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकण्याची तरतूद तिने केली, आणि नव्या संहितेतही ती टिकून आहे. दयेला बसायला जागा हवी, हे या तरतुदीने मान्य केले. पुढे 1980 सालच्या बचनसिंग निकालात गुन्ह्याबरोबरच गुन्हेगाराकडेही पाहण्याचा आग्रह आला, तो याच वाटेने.

ज्यूरीपद्धतीविषयी येथे एक खुलासा करायला हवा. नानावटी खटल्यामुळे भारतातील ज्यूरी गेली, असे सर्रास लिहिले जाते. वस्तुतः ती बंद करावी अशी शिफारस विधी आयोगाने 1958 मध्येच, म्हणजे आहुजांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीच, केली होती. खटल्याने आधीच लिहिलेल्या मृत्युलेखाला उदाहरण पुरवले, इतकेच.

दयेला आणखी एक जागा आहे, ती राज्यपालांच्या कार्यालयात. या प्रकरणात तिचा दोनदा वापर झाला आणि दोन्ही वेळा निराळ्या रीतीने. उच्च न्यायालयाने शिक्षा सुनावली त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती स्थगित केली, आणि नानावटी तुरुंगाऐवजी नौदलाच्या ताब्यात राहिले. सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली जात असताना असा आदेश चालू शकत नाही, असे त्या न्यायालयाने 1960 सालीच बजावले. ती घाईची दया होती. तिला सत्य ठरेपर्यंतही थांबायचे नव्हते. 1964 साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली, तेव्हा मात्र सर्व न्यायालयांनी ‘याने केले’ असे सांगून झाले होते. त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी स्वातंत्र्यसैनिक व्यापाऱ्यालाही एका वेगळ्या प्रकरणात माफी मिळाली, आणि दोन समाजांचे पारडे सम ठेवण्याची ही राजकीय युक्ती होती असे मानले जाते. युक्ती ती असेलही. तरीही या प्रकरणावर लिहिणाऱ्यांनी नोंदवलेला एक तपशील तिच्याहून मोठा आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार, माफीपूर्वी आहुजांच्या बहिणीची लेखी संमती घेण्यात आली. कायद्याला तिची गरज नव्हती. अनुच्छेद 161 मध्ये मृताच्या नातलगांचा उल्लेखही नाही. पण पाच वर्षे चाललेल्या या प्रकरणात, ज्या व्यक्तीने भाऊ गमावला तिला ‘तुमचे काय म्हणणे आहे’ असे विचारल्याची नोंद ही एवढीच सापडते. तिने ती सही कोणत्या मनःस्थितीत केली, हे कोठे लिहून ठेवलेले नाही.

नानावटी 1968 साली कुटुंबासह कॅनडाला गेले आणि 2003 मध्ये तेथेच निवर्तले. इकडे त्यांच्या कथेवर कलाकृती होत राहिल्या. मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकरांचे ‘अपराध मीच केला’ आले. ज्या आरोपीने न्यायालयात अपघाताचा बचाव घेतला, त्याच्या कथेला मराठी नाटककाराने कबुलीचे नाव द्यावे, हे लक्षणीय आहे. हिंदी चित्रपट तर एकाहून अधिक झाले. त्यांतला ‘रुस्तम’ 2016 साली आला. त्यात मारल्या गेलेल्या माणसाला संरक्षणखरेदीतील लाचखोरीत गुंतवले आहे, आणि नायकाच्या हातातल्या शस्त्राला देशप्रेमाचा मुलामा दिला आहे. एका विवाहित स्त्रीशी संबंध ठेवणे हा प्रेक्षकांच्या नव्या पिढीला मरणाइतका मोठा अपराध वाटणार नाही, अशी शंका निर्मात्यांना आली असावी. म्हणून मृत्यूनंतर सत्तावन्न वर्षांनी आहुजांच्या नावावर, नाव बदलून का होईना, त्यांनी कधी न केलेला एक गुन्हा चढवण्यात आला. चित्रपटातल्या ज्यूरीने नायकाला निर्दोष सोडले, आणि चित्रपटगृहांत टाळ्या पडल्या.