शेजारधर्म

मी येशूला मानतो, राहतो चिमूरच्या बौद्ध वस्तीत. पोरं विचारतात, "काका, बाबासाहेबानं बुद्ध दिला, तुमी येशू काहून धरला?" मी वाद घालत नाही. कागद काढ म्हणतो. जातीचा दाखला, स्कॉलरशिप, निराधाराचा अर्ज, सारं भरून देतो.

माझ्या पोराला मात्र तो दाखला नाही. 1950 च्या आदेशानं अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली. 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेर. जात मात्र सोयरिकीत आहे, चर्चच्या बाकावरही आहे.

1938 साली सोलापुरात बाबासाहेबांनी ख्रिस्ती मंडळींना तोंडावर सुनावलं, तुमचा समाज अन्यायाविरुद्ध लढत नाही. ते मला कोणत्याही प्रवचनापेक्षा जास्त लागलं.

शुभवर्तमानात मार खाऊन पडलेल्याला याजक टाळून गेला. उचललं शोमरोन्यानं, ज्याचा यहुद्यांना विटाळ. म्हणजे आपल्यातल्याच माणसानं. मग दया ही वरून टाकलेली भीक कशी? शेजारचा म्हातारा दवाखान्यात नेणं आणि मोर्चात चालणं, माझ्या लेखी एकच प्रार्थना.

14 एप्रिलला मी तुमच्या मिरवणुकीत असतोच. दोस्तहो, आमच्या दाखल्याचा सवाल तुमच्या मोर्चात येईल काय?