फॉन्टच्या कुंपणात अडकलेली मराठी

पातूरसारख्या तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या आसपास अर्ज टाइप करून देणारी दुकाने असतात. तिथे कृतिदेव फॉन्टमध्ये 'मराठी' असे टाइप केले, तर पडद्यावर आणि कागदावर शब्द बरोबर उमटतो. फाइलमध्ये मात्र ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरे साठवलेली असतात. तीच फाइल अकोल्याला कृतिदेव नसलेल्या संगणकावर उघडली की ती पाच अक्षरेच समोर येतात. दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट लावला, तर भलतेच काही. देवनागरीच्या संगणकीय मांडणीत काम करणारा म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे : गेल्या शतकाच्या अखेरीस मराठी माणसाला फॉन्ट निवडायला भरपूर मिळाले, पण एकदा निवडलेला फॉन्ट सोडायची सोय मिळाली नाही. आणि ग्राहकाचे खरे स्वातंत्र्य सोडता येण्यातच असते.

सामायिक मानक तेव्हा नव्हते असे नाही. भारतीय मानक ब्युरोने 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये प्रमाण केली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरच बेतलेली होती. अडचण वेगळी होती. त्या काळच्या विंडोजला जोडाक्षरे जुळवता येत नव्हती. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी अक्षरांचे तुकडे पाडले, काना, मात्रा, अर्धा क, रफार, आणि ते इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवले. ही युक्ती नसती तर वऱ्हाडातल्या छापखान्यांत डीटीपी आलेच नसते. तेव्हा या कंपन्यांनी मराठीचे नुकसानच केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण प्रत्येकीने तुकडे वेगळ्या जागी बसवले, आणि विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी चालू लागल्यावरही ती मांडणी सुटली नाही. कारण उघड आहे. ज्याचे दहा वर्षांचे काम एका फॉन्टमध्ये आहे, तो दुसऱ्याकडे जाईल कसा? सगळे रूपांतरित करून ओळ न् ओळ तपासायची तयारी किती जणांची असते?

वेबवर हेच दुखणे दुप्पट झाले. १९९७ मध्ये नेटस्केपने पानासोबत फॉन्ट पाठवण्यासाठी बिटस्ट्रीमचे 'ट्रूडॉक' तंत्र घेतले, तर मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररसाठी स्वतःचे 'ईओटी'. एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येत नसे. दोन्हीकडचे वाचक हवे असतील तर मराठी संकेतस्थळाला एकाच अक्षरांच्या दोन फाइली ठेवाव्या लागत, आणि एवढे करूनही त्या पानावरचा मजकूर शोधयंत्राच्या लेखी निरर्थक इंग्रजीच असे. पुढे नेटस्केप ६ ने ट्रूडॉक सोडून दिले. या भांडणाचा शेवट कोणा एकाच्या विजयाने झाला नाही. मोझिला, ऑपेरा आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून 'वॉफ' हा फॉन्टचा प्रकार वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमपुढे ठेवला आणि डिसेंबर २०१२ मध्ये तो प्रमाण ठरला. त्यानंतर स्पर्धा थांबली का? उलट 'मुक्ता'सारखे मुक्त परवान्याचे देखणे देवनागरी फॉन्ट आले. ते आवडले नाहीत तर बदला. मजकूर युनिकोडमध्ये असल्याने त्याला धक्का लागत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. मानके ठरवणाऱ्या मंडळींत पुन्हा त्याच बड्या कंपन्या बसतात, मराठीची गरज त्यांना उशिरा कळते. खरे आहे. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळायला २००८ साल उजाडले. पण ती मिळाली, कारण तिथे प्रस्ताव कोणालाही मांडता येतो आणि निर्णय सर्वांना वाचता येतो. खासगी फॉन्टच्या मांडणीत आपले अक्षर राहून गेले, तर मालकाची विनवणी करण्यापलीकडे वाचकाच्या हाती काही नसते.

मला खरी काळजी आहे ती पुढच्या टप्प्याची. कागदावरचे मानक खुले राहून व्यवहारात एकाच कंपनीचे ब्राउझर-इंजिन उरू शकते. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह ही नावे चार. आत गुगलचे क्रोमियम एकच. वेगळी म्हणावीत अशी फायरफॉक्स आणि सफारी राहिली. स्वस्त अँड्रॉइड फोन घेणाऱ्याच्या हाती क्रोम आधीच बसवलेले येते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला आणि अपील न्यायाधिकरणाने तो २०२३ मध्ये कायम ठेवला, त्यामागे असे आधीच बसवून देणेही होते. पण दंडाने सवय बदलत नाही. 'फक्त क्रोममध्ये उघडा' अशी सूचना देणारे सरकारी संकेतस्थळ नागरिकाची निवड स्वतःच संपवते. सातबारा, दाखले, पीकविमा यांची संकेतस्थळे बांधून घेताना ती फायरफॉक्स आणि सफारीवर तपासून देण्याची अट निविदेतच असली पाहिजे, आणि ती पाळली नाही तर देयक थांबले पाहिजे.