भात वाफाळता मिळेल ते जहाज

नागपूरच्या हुडकेश्वरहून मुंबईचा समुद्र आठशे किलोमीटरच्या आसपास. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्ग पार मुंबईजवळच्या आमण्यापर्यंत खुला झाला आणि आमच्या घरी जहाजाच्या सहलीचा विषय निघाला. लोक आधी खोली बघतात: कितवा मजला, बाल्कनी आहे का. आम्ही आधी जेवण बघायचं ठरवलं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, “भात वाफाळता भेटते का तिथं?”

जहाज निवडायला याहून चांगला प्रश्न मला अजून सापडलेला नाही. जेवणाची प्रतिष्ठा झुंबरांत नसते. पदार्थ भटारखान्यातून निघून ताटात पडेपर्यंत किती वेळ जातो, त्यात असते. जानेवारी २०२४ मध्ये निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर सात हजारांवर प्रवासी मावतात. एवढ्या पंगतीत शेकडो ताटं एकाच सुमारास भरावी लागतात. मग ज्याला थांबणं मानवतं तेच तिथे चांगलं लागतं: सूप, रस्सा, मंद आचेवर मुरलेलं मटण. नुकता तळलेला मासा, भाताची वाफ ही लहान जहाजाची मिजास. ‘ओशनिया’ची सहा-सातशे प्रवाशांची जहाजं खवय्यांत नावाजली ती यामुळेच, जाक पेपँसारखा फ्रेंच बल्लवाचार्य त्या कंपनीशी सुरुवातीपासून जोडलेला.

हा शौक जुना आहे. १९०५ साली ‘अमेरिका’ या जर्मन जहाजावर रिट्झच्या नावाचं उपाहारगृह सुरू झालं. ठरलेल्या जेवणाऐवजी मनाला येईल तो पदार्थ मागवायचा, ही चैन तिथून समुद्रावर आली. आपल्या किनाऱ्याच्या वाट्याला मात्र या वैभवाची मागची बाजू आली. पी अँड ओ या इंग्रज कंपनीच्या बोटींवर पिढ्यानपिढ्या गोव्याचे आचारी आणि वाढपी राबले. पुढची बोट मिळेपर्यंत ते मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये राहत. एकेका गावाच्या लोकांनी चालवलेली ही वसतिघरं. साहेबाचा रोस्ट त्यांनी निगुतीनं केला. त्यांच्या घरची आमटी पहिल्या वर्गाच्या टेबलावर किती मानाने आली असती, या विचाराने मला आजही हळहळ वाटते.

आमच्या विदर्भाची अडचण वेगळी. आगीच्या भीतीपोटी जहाजावर सहसा विजेच्या शेगड्या असतात, आणि आमची निम्मी चव विस्तवाची. तुऱ्हाट्यांवर भाजलेलं वांगं, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात फुललेले रोडगे, उपड्या मडक्यावर पसरलेली लांब पोळी. यातलं काही जहाजावर चढणार नाही आणि तसा हट्टही धरू नये. गोळाभात मात्र नक्की चढेल. भरडलेल्या डाळीचे तिखट गोळे भाताबरोबर शिजतात, वरून मोहरी, हिंग आणि लाल मिरचीचं कडकडीत तेल. त्याला ज्वाला लागत नाही. वेळ साधणारा हात लागतो. पाटवडीरस्साही असाच. सावजी मसाल्याचा रस्सा तर जितका थांबेल तितका खुलतो, म्हणजे मोठ्या पंगतीलाही चालेल. चांगल्या आचाऱ्याला हे सांगितलं तर तो आनंदाने करील, असा माझा विश्वास आहे.

शेवटी आम्ही ‘कॉर्डेलिया’चं ‘एम्प्रेस’ ठरवलं. २०२१ पासून ते मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जातं. १९९० चं बांधलेलं, अठराशेच्या आसपास प्रवाशांचं. आजच्या मापाने आटोपशीर. आरक्षण करताना खोलीची चौकशी आम्ही दोन वाक्यांत संपवली. जेवणाच्या वेळा, बसून जेवायची सोय आणि भात पंगतीगणिक नव्याने लावतात का, हे मात्र सविस्तर विचारून घेतलं. फोनच्या पलीकडचा मुलगा आधी गोंधळला, मग मनापासून माहिती काढून देऊ लागला.

तरी मनात एक जहाज आहे, ते अजून पाण्यात उतरलेलं नाही. पूर्वी ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटी मुंबईहून निघून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत गोव्याला जात. पुन्हा तसंच एखादं लहान, दीड-दोनशे माणसांचं जहाज निघावं. त्याने रत्नागिरीला आंबे घ्यावेत, मालवणला सकाळची सुरमई चढवून घ्यावी, दुपारी सोलकढीसह वाढावी, आणि रात्री एका टेबलावर गोळाभात असावा. हुडकेश्वरातून पहिली तिकिटं आमची.