झांझिबारचा एक दिवस आणि मुरूडचा मुलगा

बोटीच्या धक्क्यावर तिकीट तपासणारा माणूस आमच्या पंधरा मुलांशी इंग्रजीत बोलला आणि सोळाव्याशी स्वाहिलीत. सोळावा गोंधळला. बाकीचे हसले. मीही हसलो. त्या हसण्याबद्दलच आज लिहायचं आहे.

शाळांच्या देवाणघेवाणीच्या निमित्ताने आम्ही दहा दिवस टांझानियात, दार-एस-सलामला होतो. मुलं अकरावीची, बहुतेक रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमान घरांतली. एक दिवस झांझिबार बेटासाठी राखून ठेवला होता. बोटीने दोनेक तासांचा प्रवास. हा सोळावा मुलगा मुरूडकडचा, सिद्दी घरातला. वर्गात सगळे त्याला 'हबशी' म्हणायचे. तो कधी चिडला नाही, म्हणून त्याला ते चालतं असं आम्ही धरून चाललो होतो.

आमच्याबरोबर तिथल्या शाळेतले इतिहासाचे एक शिक्षक होते. ते मला 'म्वालिमू' म्हणत, म्हणजे आपला मुअल्लिम. मुलांना तेवढा धागा पुरला. किताबू, दुका, हबारी, बाहारी, लाकिनी, पेसा... प्रत्येक शब्द ओळखीचा निघू लागला. घड्याळाने मात्र फजिती केली. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा म्बिली' म्हणजे शब्दशः दोन वाजले, पण प्रत्यक्षात सकाळचे आठ!

स्टोन टाउन हा झांझिबार शहराचा जुना भाग. 2000 साली त्याची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागावेत. घरांचे दरवाजे कोरीव, त्यांवर पितळी खिळे. असे खिळे आपल्याकडे हत्तीने दार फोडू नये म्हणून असत; शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला आजही आहेत. झांझिबारात हत्ती नाहीत. खिळे शोभेपुरते आले आणि राहिले.

दाराजानीच्या बाजारात लवंग, दालचिनी, वेलची यांचे ढीग होते. एका घरासमोर एक म्हातारी बाई लोखंडी दातांच्या खवणीवर बसून नारळ खवत होती. खवणी अगदी आमच्या घरातल्यासारखी! तिथे तिला 'म्बुझी' म्हणतात, म्हणजे बकरी. शेजारी तांदूळ-नारळाचे 'वितुम्बुआ' तळले जात होते. आमची मुलं ओरडली, "सर, आप्पे!"

ती बाई सोळाव्या मुलाशी बराच वेळ स्वाहिलीत बोलत राहिली. शिक्षकांनी त्याच्या कानात सांगितलं, "शिकामू म्हण." थोरामोठ्यांना नमस्कार करायचा तो शब्द, अर्थ साधारण 'तुमचे पाय धरतो' असा. तो म्हणाला. ती "मराहाबा" म्हणाली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि एक वितुम्बुआ त्याच्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत. बाकीच्या पंधरांकडून घेतले.

जोहरची नमाज आम्ही जवळच्या मशिदीत पढलो. हिंदुस्थानातले बहुतेक मुसलमान हनफी, आम्ही कोकणी मात्र शाफई. मुंबईत शिकायला गेलेल्या आमच्या मुलांना रुकूच्या आधी-नंतर हात उचलताना हमखास कोणीतरी टोकतं. झांझिबारचे सुन्नीही शाफई. सगळी सफ आमच्यासारखेच हात उचलत होती. मोसमी वाऱ्यांवर जहाजं ये-जा करत, त्यांतून मसाले आले, शब्द आले, फिकहही आली. मला भरून आलं. मनात आलं, हाच खरा उम्मत.

तिथून आम्ही जुन्या गुलामबाजाराच्या जागी गेलो. 1873 मध्ये ब्रिटिशांच्या दबावाखाली सुलतान बरगश यांनी तो बंद केला आणि त्या जागेवर चर्च उभं राहिलं. गुलामांना जिथे बांधून फटके मारत, तिथेच आता वेदी आहे असं सांगतात. आवारात जमिनीत एक खड्डा आहे. त्यात दगडाच्या पाच आकृत्या उभ्या आहेत, गळ्यात साखळ्या. शिल्प 1998 चं, साखळ्या मात्र खऱ्या.

एका मुलीने विचारलं, "सर, हा बाजार चालवणारे कोण होते?"

मी शिक्षकांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "ओमानी अरब होते, आमच्या किनाऱ्यावरचे स्वाहिली होते. काफिल्यांना भांडवल देणाऱ्यांत हिंदी व्यापारी होते. लवंगेच्या बागा याच माणसांच्या घामावर उभ्या राहिल्या."

"म्हणजे ते नमाज पढत होते?"

"पढत होते."

माझ्या जिभेवर लगेच अटलांटिकचं नाव आलं. युरोपीय लोकांनी अमेरिकेत काय केलं ते सांगावं, असं वाटलं. ते खरंच आहे. पण तिने ते विचारलं नव्हतं. मग मी सांगितलं की कुरआनात जकातीच्या आठ मसारिफांपैकी एक गुलामांच्या सुटकेसाठी आहे. ती म्हणाली, "मग त्यांना ते माहीत नव्हतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माहीत असणार. माहीत असूनही.

मुरूडचा मुलगा खड्ड्याच्या कडेला उभा होता. त्याने विचारलं, "सर, आमचे पूर्वज असेच आले असतील का?"

मी शिक्षक, उत्तर तयारच होतं. काही गुलाम म्हणून आले, काही खलाशी, काही शिपाई म्हणून. मलिक अंबर हबशी मुलुखातला, अनेकदा विकला गेलेला, पण पुढे निजामशाहीचा कारभार त्याने पेलला. जंजिऱ्यावर तर सिद्दींची सत्ता 1948 पर्यंत होती.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण सर, वर्गात मला हबशी म्हणतात ते मलिक अंबर आठवून नाही म्हणत."

बाकीची मुलं खाली बघू लागली. मीही.

रात्री दार-एस-सलामला परतताना बोटीवर मला झोप आली नाही. दरवर्षी मी हजरत बिलाल (रजि.) शिकवतो. मक्का फतह झाल्यावर काब्यावरून अजान देणारे बिलाल सांगताना माझा आवाज चढतो. अबू जर (रजि.) यांची हकिकतही सांगतो. त्यांनी एकाला त्याच्या काळ्या आईवरून टोमणा मारला. तो माणूस हजरत बिलालच होते, असं पुष्कळ जण सांगतात. त्यावर हुजूर (सल्ल.) नाराज झाले आणि ही जाहिलियत असल्याचं त्यांनी बजावलं. तो धडा मी ज्या वर्गात शिकवला, त्याच वर्गात त्या मुलाला त्या नावाने हाक मारली जात होती, आणि मी हजेरीच्या वहीतून मान वर काढली नव्हती. एकदा तर मीही त्याला त्याच नावाने हाक मारली आहे. लाडाने, असं मला वाटलं होतं.

परतल्यावर पहिल्याच तासाला मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. तो लाजला, "जाऊ द्या सर" म्हणाला. मी जाऊ दिलं नाही. आपल्याकडे मुलगी बघायला जाताना रंग विचारतात, घराणं विचारतात, आणि जुम्याला त्याच तोंडाने मुसावात ऐकतात, हेही त्या तासाला बोललो. एका पालकाचा फोन आला, "मुलांना हे सगळं कशाला?" मी म्हटलं, मुलांनीच विचारलं.

नाव एकदम गेलं नाही. अजूनही मधल्या सुट्टीत एखाद्याच्या तोंडून निघतं. पण आता कोणी हसत नाही.